घरचा तिरकमठा

तुंगार्लीस पाऊस किती पडतो हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने पर्जन्यमापकाच्या वाटेस न जाता तेथील घरांच्या माळ्यावर डोकावावे. लोणावळ्याचा वार्षिक पाऊस ४००० मिलिमीटरांच्या घरातला. त्यास घाटमाथ्यावरील वाऱ्याची जोड मिळाली म्हणजे छत्रीची काय अवस्था होते हे सांगावयास नकोच. आमच्या वडील बंधूंचे घर तुंगार्लीच्या धरणाकडे चढणाऱ्या वाटेलगत आहे. गेल्या वर्षी नवरात्रापूर्वी तेथील माळा झाडावयास काढला तेव्हा सात मोडक्या छत्र्या निघाल्या. त्यांचे कापड वहिनींनी पिशव्यांकरिता ठेवून घेतले, आणि काड्या मुलांच्या हाती पडल्या.

आमच्या वयाच्या बहुतेक वाचकांनी हा उद्योग लहानपणी केलाच असेल. चार काड्या एकत्र करकचून बांधावयाच्या, दोन टोकांस सुतळी ताणावयाची, आणि पाचवी काडी बाण म्हणून जोडावयाची. अर्ध्या तासात शस्त्र तयार. दिवाळीत सारे कुटुंब तुंगार्लीस जमले तेव्हा अंगणात अशी तीन धनुष्ये हिंडत होती, आणि आम्ही वडीलधारी माणसे पडवीत बसून कौतुकाने ती पाहत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या पुतण्याने पपईच्या झाडावर नेम धरला. काडी खोडास चाटून तिरपी फिरली आणि सहा-सात हातांवर उभ्या असलेल्या आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीच्या चष्म्यावर येऊन आदळली. डाव्या भिंगावर ओरखडा उमटला. बोट फिरविले तर नखास लागावा इतका खोल. पोरीस काही झाले नाही. चष्मा तिला त्याच वर्षी लागला होता, आणि तो लागला म्हणून घरात सर्वांनी हळहळ व्यक्त केली होती.

मुलांच्या डोळ्यांस होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास आपल्या देशातील नेत्रवैद्यांनी केलेला आहे. त्यांच्या नोंदींत खेळातील धनुष्यबाण हे कारण पुनःपुन्हा आढळते, आणि दसऱ्याच्या सुमारास, रामलीलेच्या दिवसांत, अशी मुले रुग्णालयांत अधिक येतात. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे निराळे आणि तो ओरखडा बोटाने चाचपून पाहणे निराळे.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात वाद झाला. दादांचे म्हणणे सरळ होते : काड्या जाळून टाकाव्या आणि हा खेळ बंद करावा. वहिनी त्यांच्या बाजूच्या. मातोश्रींचे वय ८१. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काड्या टाका, त्या मेल्या हव्यात कशाला? पण खेळ बंद केलात तर पोरे उद्या घरामागच्या झाडीत जाऊन खेळतील. आज निदान आपल्या डोळ्यांदेखत झाले." आणि आमच्याकडे वळून, "कॉलेजात असताना तू दोन वर्षे धनुष्य घेऊन हिंडत होतास ना? मग शिकव की त्यांना नीट."

घरात सर्वांत रिकामा इसम म्हणून हे काम आमच्याकडे आले असावे, असा आमचा समज आहे. परंतु ते अंगावर घेतल्यावर एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. मुले आधी धनुष्य करितात, मग बाण शोधतात, आणि बाण कोठे जाऊन थांबावयाचा याचा विचार सुटल्यानंतर करितात. हा क्रम उलटा फिरविला पाहिजे. म्हणून आम्ही असे ठरविले की, लक्ष्य तयार झाल्यावाचून बाणास हात लावावयाचा नाही, आणि बाण तयार झाल्यावाचून धनुष्यास.

दिवाळी म्हणजे मावळात भाताच्या कापणी-झोडणीचा काळ. ज्या इंद्रायणी तांदळाचा भात आज पुण्या-मुंबईच्या घरांत शिजतो तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. तांदूळ शहरात जातो आणि पेंढा गावात राहतो. शेजारच्या खाचरवाल्याने आम्हांस पंधरा पेंढ्या नुसत्या हसण्यावारी दिल्या. धनुर्विद्येच्या मैदानावरील जुन्या पद्धतीची लक्ष्येही दाबून बसविलेल्या गवताचीच असतात. तेव्हा आम्ही काही नवीन शोध लावीत होतो असे नव्हे. पेंढा किंचित ओला करून त्याचा मनगटाएवढा जाड वेठ वळावयाचा, तो चक्राकार घट्ट गुंडाळीत जावयाचा, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यास दाभणाने शिवीत जावयाचा. हे आम्ही मुलांना समजावून सांगत असता मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे मोठी चुंबळच की!" आणि खरोखरच ती चुंबळच होती, फरक इतकाच की हिच्या मधे भोक ठेवावयाचे नव्हते आणि हिच्यावर घागर बसावयाची नव्हती. त्यानंतर आमच्या मार्गदर्शनाची गरज उरली नाही. मातोश्रींनी वळण सांगितले, वहिनींनी दाभण चालविले (आदल्या रात्री त्या कोणत्या बाजूच्या होत्या हे कोणी काढले नाही), आणि तीन संध्याकाळींत ९० सेंटिमीटर व्यासाचे, वीतभर जाडीचे लक्ष्य उभे राहिले. चार दिवस ते उन्हात वाळविले. ओलसर राहिले असते तर आतून बुरसले असते.

हे लक्ष्य घराच्या मागील दरडीस टेकून ठेविले, म्हणजे पलीकडे मातीखेरीज काही नाही. तरीही लक्ष्याच्या वरून जाणारा बाण दरडीवरील दगडास लागून परतू नये म्हणून मागे एक जुनी सतरंजी टांगली. ही सतरंजी खाली बांधावयाची नाही, नुसती वरून लोंबती ठेवावयाची. ताणून बांधलेले कापड बाणास फाडू देते; सैल कापड बाणाबरोबर मागे सरते, त्याचा जोर हळूहळू खाते, आणि बाण पायथ्याशी पडतो. मुलांना हे पटेना. तेव्हा वहिनींनी त्यांना चेंडू फेकावयास लावला, एकदा ताणलेल्या चादरीवर आणि एकदा वाळत घातलेल्या लुगड्यावर. मग पटले.

शहरातील वाचकांनी पेंढ्याऐवजी सामानाची पुठ्ठ्याची खोकी सपाट करून, त्यांचे पट्टे कापून, कडा पुढे येतील असे एकावर एक रचून दोन फळ्यांमध्ये दोरीने आवळले तरी उत्तम लक्ष्य होते. मात्र ते ठेवावयास जागा हवी. इमारतीची गच्ची, जिना किंवा वाहनांचे आवार ही या खेळाची जागा नव्हे. जेथे लक्ष्यामागे मातीची दरड नाही अथवा कोणी येण्याजाण्याची वाट आहे, तेथे हा लेख वाचून बाजूस ठेवावा हे बरे.

आता बाण. छत्रीची काडी वाईट का, हे मुलांना सांगावयास हवे होते, कारण त्यांच्या मते ती सरळ जात होती. पपई मधे आली हा तिचा अपराध नव्हता. पण काडीस शेपटीकडे पिसारा नाही. पिसाऱ्यावर हवेचा अडथळा होतो म्हणून बाणाची शेपटी मागे राहते आणि टोक पुढे. तो नसला म्हणजे काडी हवेत कोठेही वळते. शिवाय तिचे टोक सुईसारखे, आणि सारा जोर त्या एका बिंदूवर. आमचे बाण वेळूचे झाले. संस्कृतात शर म्हणजे बाण आणि शर म्हणजे एक प्रकारचे वेतासारखे गवत. लिहावयाचा बोरूही अशाच पोकळ गवताचा. आमच्या कुळात आजवर बोरूच चालला, तेव्हा हा शर काही फार परका नव्हे, असे आम्ही दादांस म्हणालो. ते हसले नाहीत.

गणपतीच्या मखराचे दोन वर्षांचे सुके वेळू पडवीच्या आढ्यास बांधलेले होते. ते चिरून त्यांच्या कांबी काढल्या. दाराच्या एका जुन्या लोखंडी बिजागरीस गिरमिटाने क्रमाने लहान होत जाणारी तीन भोके पाडली, शेवटचे आठ मिलिमीटरांचे, आणि प्रत्येक कांब एकामागून एक त्या भोकांतून ओढून काढली. कांब गोल होऊन बाहेर येते. हात मात्र दुखतात. वाकडी राहिलेली कांब गॅसच्या आचेवर जरा शेकून गुडघ्यावर दाबली की सरळ होते आणि निवेपर्यंत धरून ठेवली तर तशीच राहते. लांबी ७५ सेंटिमीटर, म्हणजे मुलांच्या ओढीहून वीतभर अधिक. येथे काटकसर करू नये. बाण आखूड झाला आणि पूर्ण ओढताना धनुष्याच्या आत आला, तर तो सुटताना धरणाऱ्याच्या हातात शिरण्याची भीती असते. स्वयंपाकघरातील काट्यावर आमचे बाण २४ ते २८ ग्रॅम भरले. टोकास वाया गेलेला पितळी स्क्रू बसवून त्याचे डोके कानशीने गोलसर केले. पेंढ्यात रुतण्यापुरते टोक त्यास उरले. सर्वांत धाकट्याच्या बाणांना आजोबांच्या काठ्यांची रबरी बुचे लावली. ते बाण रुतत नाहीत, परंतु त्यास त्याचे दुःख नव्हते. अर्थात रबर लावले म्हणून बाण निरुपद्रवी झाला असे कोणी समजू नये. डोळ्यास तोही पुरेसा आहे.

पिसाऱ्याची कथा जरा लांबली. पक्ष्यांची पिसे घरात नव्हती. पुतणीने लग्नपत्रिकांची थप्पी आणली. जाड, गुळगुळीत, सोनेरी कडांच्या त्या पत्रिकांचे इतके चांगले चीज पूर्वी कधी झाले नव्हते. आठ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच असे तीन तुकडे सारख्या अंतरावर डकविले, त्यांतील एक प्रत्यंचेच्या खाचेशी काटकोनात आणि धनुष्यापासून बाहेरच्या बाजूस, म्हणजे सुटताना तो धनुष्यावर घासत नाही. दुपारी बाण सुरेख गेले. ते रात्री अंगणात विसरले, आणि सकाळी दवाने सर्व पिसारे मऊ पडून मिटले होते. तुंगार्लीस कागदाचा भरवसा धरणे मुळातच चूक. तेव्हा कपाटातून कैलासवासी तीर्थरूपांच्या गुडघ्यांची एक्स-रे चित्रे निघाली. डॉक्टरांनी जपून ठेवावयास सांगितलेली ती पाने मातोश्रींनी क्षणभर हातात धरली आणि मग स्वतःच कात्रीने कापली. ते पिसारे आजतागायत टिकून आहेत. प्रकाशाकडे धरले तर एकावर गुडघ्याची वाटी दिसते.

धनुष्याच्या कामी आमची पहिली मजल फसली. नळकामातून उरलेली प्लॅस्टिकची पांढरी नळी मुलांनी पसंत केली. ती वाकते झकास. परंतु उन्हात पडून राहिलेली ही नळी आतून ठिसूळ होते आणि वरून तसे दिसत नाही. आमची नळी अंगणातील खुंटीस टांगून वजन लावून पाहत असताना फुटली, आणि तिचा एक तुकडा तुळशीवृंदावनापलीकडे जाऊन पडला. ती चपटी करण्याकरिता आचेवर धरावी असेही काही जण सांगतात. जळाली तर तिचा धूर छातीस अत्यंत वाईट. आम्ही ती वाट सोडून दिली.

वेळूकरिता बुरुडाकडे गेलो. तीन-चार वर्षे वाढलेला, सुका, भुंग्याने न पोखरलेला वेळू मागावा. ओला वेळू एकदा वाकला की तसाच वाकडा राहतो. ओळखीच्या एका वृद्ध ठाकर गृहस्थांस आम्ही तो दाखविला. राजमाचीच्या बाजूस ठाकर आणि कातकरी यांच्या घरांतून तिरकमठा पिढ्यानपिढ्या होता. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली. त्या गृहस्थांनी कांबीवर अंगठा फिरविला आणि दोनच गोष्टी सांगितल्या : हिरवी पाठ होती ती बाहेर ठेवा, आणि तिला कोयता लावू नका. यातील मर्म असे की, वेळूच्या सालीलगत चिवट तंतू सर्वांत दाट असतात. धनुष्य ओढताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. ताण सोसावयास ती साल अखंड पाहिजे. तासावयाचे ते आतल्या पोटाकडून.

आम्ही चार बोटे रुंदीच्या तीन कांबी घेतल्या : एक उभ्या माणसाएवढी, दुसरी तिच्या पाऊणपट, तिसरी हातभर, आणि बैलगाडी जाऊन मालमोटार आली तेव्हापासून तिच्या खाली जे पाटे दिसतात तशा त्या एकावर एक ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधल्या. मूठ जाड राहते, टोके बारीक होतात, आणि वाक टोकापर्यंत सारखा पसरतो. तो सारखा पसरला की नाही हे पाहण्यास खुंटीसारखे साधन नाही. धनुष्य मुठीपाशी खुंटीवर आडवे टांगावे, दोरीस पिशवी बांधून तीत किराण्याचे वजन एकेक किलोने वाढवीत जावे, आणि चार पावले मागे सरून पाहावे. जी बाजू कमी वाकते तिच्या पोटाकडून थोडे तासावे, पुन्हा टांगावे. आमचे हे काम आठ दिवस चालले, आणि खरे सांगावयाचे तर सर्व उद्योगात आम्हांस आनंद कशाचा झाला असेल तर याचा. मुले कंटाळून निघून गेली. पुतणी राहिली, तिच्या नव्या भिंगांतून तिला आमच्याहून बारीक फरक दिसे.

प्रत्यंचेस शिवणयंत्राचा पॉलिएस्टरचा दोरा घेतला. एका धाग्यास साधारण किलोभर वजन तोलते. आमच्या चुलत्यांनी ते वाटाण्याच्या पिशव्या टांगून खात्री करून घेतले. धनुष्याच्या ओढीच्या चौपट तरी बळ दोरीत हवे, म्हणून दहा किलोंच्या धनुष्यास चाळीस धागे एकत्र पिळून मेण चोळले. दोरी चढविल्यावर मूठ आणि दोरी यांत मूठभर अधिक उभा अंगठा इतके अंतर राहावे. आणि बाणावाचून दोरी ओढून सोडू नये. जो जोर बाण घेऊन जावयाचा तो मग धनुष्यातच घुमतो. आमचे एक धनुष्य एका पाहुण्यांनी असेच मोडले.

दहा किलो म्हणजे फार नव्हे असे दादांस वाटले. आम्ही त्यांना हिशेब मांडून दाखविला : एवढ्या ओढीच्या साध्या धनुष्यातून पंचवीस ग्रॅमचा बाण ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास वेगाने सुटतो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात चुन्याची रेघ स्वतः मारली. मुलांची धनुष्ये आम्ही पाच-सहा किलोंवर ठेविली. नियम मैदानावरचेच, शिटीऐवजी देवघरातील घंटा : दोन टोल झाले की रेघेवर यावे, एक झाला की बाण सोडावे, तीन झाले की सर्वांनी मिळून बाण आणावयास जावे. रेघेच्या पुढे कोणी असता धनुष्यास बाण लावावयाचा नाही. घंटा मातोश्रींच्या हाती असते. जुन्या पिशवीच्या चामड्याचा तुकडा बोटांस आणि पाण्याच्या बाटलीचा कापलेला भाग मनगटाच्या आत बांधला की साहित्य संपले.

या घरच्या धनुष्याचे फार कौतुक करावे असे आम्हांस वाटत नाही. राजस्थानचे लिंबाराम वेळूच्या धनुष्यावर लहानाचे मोठे झाले आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ३० मीटरांवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. रांचीजवळची दीपिका कुमारी वेळूच्याच तिरकमठ्याने सराव करीत होती. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत तिने सुवर्णपदक घेतले. परंतु ही दोघे पुढे गेली ती प्रशिक्षकांच्या हाती आणि निराळ्या साधनांवर. ऑलिंपिकचे लक्ष्य ७० मीटरांवर असते, आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे. आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टात बर्लिन येथे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांत पहिला आला. या दोघांचा सराव साताऱ्यात झाला, आणि त्यांची चाकांची धनुष्ये बिजागरीतून ओढलेली नव्हती. वेळूच्या धनुष्यावर अडून राहावयाचे असेल तर आपल्याकडे 'इंडियन राउंड' म्हणून ३० आणि ५० मीटरांची स्पर्धा असते, तीत देशी धनुष्येच चालतात. पुतणीने ते कोठून तरी वाचले आहे.

तूर्त तिचे अंतर बारा मीटर. नाताळात तीस बाणांपैकी नऊ लक्ष्यावर लागले. मे महिन्यात चोवीस. वहिनी दुपारी सर्व निजले असता मागल्या बाजूस जाऊन सराव करितात असे मुलांचे म्हणणे आहे; आम्ही विचारले नाही. थोरला पुतण्या पहिले दोन महिने रेघेपाशी आलाच नाही. नुसता बाण गोळा करावयास जाई. एके दिवशी पुतणीने आपले धनुष्य त्याच्या हाती दिले, आणि घंटा दोनदा वाजली.

जूनच्या पहिल्या सरीबरोबर धनुष्यांच्या दोऱ्या उतरवून ती चुलीवरच्या माचीवर ठेविली, कारण दमट हवेत वेळूचे बळ उतरते. चुंबळ गुरांना घातली. नव्या पेंढ्याची या दिवाळीत होईल. यंदाच्या पावसात घरात चार छत्र्या मोडल्या. त्या त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे गेल्या.